वासाची फुलझाडं ठाणे-नवी मुंबईच्या गॅलरीत: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझी गॅलरी ठाण्यात कोलशेतला, चौथ्या मजल्यावर, पश्चिमेला. मार्चमध्ये मोगरा सुरू झाला की लिफ्टमध्ये भेटणारे, नात्यातले, ओळखीचे आणि त्यांच्या ओळखीचे असे सगळे प्रश्न विचारू लागतात. ते तेच तेच असतात, म्हणून उत्तरं एकदा नीट लिहून ठेवली आहेत. सुगंधी फुलांबरोबर दुर्गंधीची फुलंही यात आहेत, कारण त्यांच्याबद्दलचे प्रश्नही कमी नाहीत.

१. पहिल्यांदाच वासाचं झाड आणायचंय. कोणतं घेऊ?

नर्सरीत जाण्याआधी एका सुट्टीच्या दिवशी गॅलरीत ऊन किती तास येतं ते बघा. दर दोन तासांनी फरशीवर खडूने उन्हाची रेघ मारली की पुरतं. एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा: दक्षिणेच्या गॅलरीत डिसेंबरमध्ये भरपूर ऊन दिसतं, आणि मे-जूनमध्ये सूर्य थेट डोक्यावर आला की तेच ऊन नाहीसं होतं. मोगरा नेमका तेव्हा फुलायचा असतो.

पाच-सहा तास थेट ऊन असेल तर मोगरा, मधुमालती किंवा निशिगंध. तीन-चार तास असेल तर कुंती, अनंत, रातराणी. थेट ऊन नाही पण उजेड चांगला आहे, तर ब्रह्मकमळ. उजेडही नसेल तर वासाच्या झाडाचा आग्रह धरू नका. ते जगेल, पण फुलणार नाही, आणि तुम्ही दोन वर्षं स्वतःला दोष देत बसाल.

पहिलं झाड एकच आणा. मला विचाराल तर मोगरा.

२. आमची गॅलरी पश्चिमेला आहे. दुपारी नुसती भट्टी होते. तिथे काही टिकेल का?

टिकेल. मोगऱ्याला ही भट्टी आवडते. त्रास उन्हाचा कमी आणि तापलेल्या भिंतीचा व फरशीचा जास्त असतो. एप्रिलमध्ये माझी गॅलरीतली भिंत संध्याकाळी सातलाही हाताला गरम लागते. कुंडी भिंतीपासून वीतभर पुढे ओढा आणि खाली दोन विटा ठेवा. काळ्या प्लास्टिकच्या कुंडीत मुळं अक्षरशः शिजतात, त्यामुळे ती मातीच्या मोठ्या कुंडीत उतरवा आणि मधल्या फटीत नारळाच्या शेंड्या कोंबा. मातीवरही शेंड्यांचा थर द्या. पाणी सकाळीच. भर दुपारी पानं मान टाकतात, तेव्हा घाबरून पाणी ओतू नका. ऊन उतरल्यावरही ती उभी राहिली नाहीत, तर मग द्या.

३. माती कोणती आणि कुंडी केवढी?

दोन भाग लाल माती, एक भाग कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) आणि मूठभर नीमपेंड. मूठभर ओली माती दाबून सोडली की तिचा गोळा व्हावा आणि बोटाने टोचल्यावर फुटावा. फुटत नसेल तर थोडी जाड रेती मिसळा. मोगऱ्याला १२ इंची कुंडी पुरते, सोनचाफ्याला १६ इंचीहून लहान नको.

वजनाचा विचार आधी करा. १४ इंची कुंडी भिजली की सहज २५-३० किलोची होते. अशी कुंडी ग्रिलच्या बाहेर किंवा कठड्यावर ठेवू नका. जूनच्या वाऱ्यात ती खाली गेली, तर खाली माणूस असू शकतो.

४. मोगरा मस्त हिरवागार आहे, पण कळी नाही. काय चुकतंय?

सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न हाच, आणि बहुतेक वेळा चूक प्रेमापोटी झालेली असते. पाणी रोज, खत दर पंधरवड्याला, आणि छाटणी मात्र नाही, कारण कात्री लावायला जीव होत नाही.

मोगरा नव्या फुटीच्या टोकाला फुलतो. जुन्या काडीवर कितीही पानं असली तरी तिथे कळी येत नाही. म्हणून जानेवारीच्या सुरुवातीला पाणी कमी करायचं. शेतकरी याला ताण देणं म्हणतात. जमिनीतल्या झाडाला दहा-पंधरा दिवसांचा ताण चालतो, कुंडीतल्याला चार-पाच दिवस पुरे. पानं किंचित मलूल दिसली की थांबा. महिन्याच्या अखेरीला छाटणी करा: वाळलेल्या आणि आत वळलेल्या काड्या मुळापासून काढा, बाकीच्या अर्ध्यावर आणा आणि उरलेली पानं हाताने खुडा. झाड बोडकं दिसेल, दिसू द्या. वरची दोन इंच माती उकरून ओंजळभर शेणखत आणि मूठभर शेंगदाण्याची पेंड मिसळा. मग भरपूर पाणी आणि पूर्ण ऊन. तीन-चार आठवड्यांत फूट येते, आणि फुटीच्या टोकाला पहिल्या कळ्या दिसतात.

पहिला बहर ओसरला की प्रत्येक फुललेलं टोक दोन पेरं खाली कापा. त्याच्या बगलेतून दोन नव्या फुटी निघतात आणि महिन्याभरात दुसरा बहर येतो. असं करत माझा मोगरा मार्च ते जून चार वेळा फुलतो.

एवढं करूनही कळी आली नाही, तर कारण ऊन. मग प्रश्न १ कडे परत जा आणि जागा बदला. खतातला नत्र वाढवलात, तर पानंच वाढतील. युरिया तर मोगऱ्याजवळही आणू नका.

५. कळ्या येतात, पण जांभळ्या पडून वाळतात.

हे फुलमाशीचं काम. ही डासाहूनही बारीक माशी कळीत अंडी घालते, आतल्या अळ्या कळी खातात, मग कळी बुडाशी फुगते, जांभळट होते आणि गळते. अळी मातीत उतरून कोष करते, म्हणून नुसत्या फवारणीने भागत नाही. खराब कळ्या खुडून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत अजिबात नको. वरची माती दर आठवड्याला हलवून उन्हात तापू द्या. लिटरभर पाण्यात पाच मिली नीमतेल आणि साबणाचे दोन-चार थेंब घालून संध्याकाळी फवारा, आठ दिवसांनी पुन्हा. कळीला गोल भोक आणि जाळं दिसलं तर ती कळी पोखरणारी अळी आहे. इलाज हाच.

६. फुलं भरपूर येतात, पण नर्सरीत होता तसा वास नाही. झाड फसवं निघालं का?

कधी कधी खरंच फसवं असतं. दुहेरी पाकळ्यांची तगर मोगरा म्हणून विकलेली मी पाहिली आहे. पान तोडून बघा: पांढरा चीक आला तर ती तगर, मोगऱ्याला चीक नसतो. झाड खरं असेल तर पुढचं वाचा.

फुलाचा वास माणसासाठी नसतो. झाड तो परागीभवन करणाऱ्या किड्यासाठी तयार करतं, आणि तोही तो किडा उडतो त्याच वेळी. पांढरी, रात्री उमलणारी, गोड वासाची फुलं बहुतेक पतंगांसाठी असतात. अंधारात गडद रंग उठून दिसत नाहीत, म्हणून पांढरेपणा आणि वास. मोगऱ्याचा वास रात्री आठनंतर चढतो आणि सकाळी दहाला जवळपास संपलेला असतो. दुपारी हुंगून तो कमी आहे म्हणणं बरोबर नाही.

दुसरं म्हणजे, वासाची द्रव्यं झाड दिवसा उन्हात बनवलेल्या साखरेतून घडवतं. चार दिवस ढगाळ गेले की फूल तेवढंच मोठं येतं, वास मात्र पातळ होतो. पंधराव्या-विसाव्या मजल्यावर तयार झालेला वास वारा उडवून नेतो. तिथे झाड काचेच्या आत, दाराच्या कोपऱ्यात ठेवून बघा. आणि नाकालाही सवय होते. झाडाशेजारी अर्धा तास बसलात की वास मरतो. आतल्या खोलीत जाऊन परत या, मग कळेल.

कळ्या दुपारी, पांढऱ्या टपोऱ्या झाल्यावर पण उमलण्याआधी खुडा. ओल्या रुमालात गुंडाळून वाटीत ठेवा. तोडल्यावरही त्या संध्याकाळी उमलतात आणि वास सोडतात. पालघर जिल्ह्यातले मोगरा उत्पादक दादरच्या फुलबाजारासाठी म्हणूनच फुलाऐवजी कळी खुडतात.

७. रातराणीच्या वासाने डोकं दुखतं. हे मनाचं आहे की खरं?

खरं आहे. वासाची द्रव्यं हवेतून नाकात जातात आणि काहींना त्यांनी डोकेदुखी, मळमळ किंवा दम्याचा त्रास होतो. माझ्या बाबतीत तो त्रास दुसऱ्याला झाला. पहिली रातराणी मी बेडरूमच्या खिडकीत ठेवली होती आणि मला ती फार आवडायची. वरच्या मजल्यावरच्या काकूंना अर्धशिशी आहे. त्यांनी दोन महिने काही न बोलता खिडकी बंद ठेवली, ऐन मेमध्ये. कळलं तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्याच संध्याकाळी कुंडी गच्चीवर नेली.

तेव्हापासून मी एकच सांगते: रातराणी गच्चीवर, सोसायटीच्या आवारात किंवा फाटकाजवळ लावावी, खिडकीखाली लावू नये. हे झाड वेस्ट इंडीज आणि मध्य अमेरिकेकडचं. तिथे ते दूरवरच्या पतंगांना हाक मारतं, आणि तुमची खिडकी त्या हाकेच्या हाताच्या अंतरावर असते. एक बहर संपला की झाड अर्ध्यावर छाटा. फुलोरा आटोक्यात राहील आणि वासही. दम्याचा माणूस घरात किंवा शेजारी असेल तर रातराणी आणूच नका, कुंती किंवा जुई लावा. त्यांचा वास रातराणीइतका उग्र नसतो.

८. रातराणीला, केवड्याला साप येतो म्हणतात. लावायचं की नाही?

वासाला साप येत नाही. साप जिभेने हवेतले कण टिपून भक्ष्याचा माग काढतो, आणि त्याचं भक्ष्य उंदीर, बेडूक, सरडे. केवड्याचं दाट काटेरी बन ओलसर जागी असतं, तिथे बेडूक आणि उंदीर असतात, म्हणून सापही असतो. रातराणी जमिनीत वाढू दिली की तिचंही तसंच जाळं होतं. आवारात लावलीत तर खालच्या फूटभर फांद्या काढून बुंधा मोकळा ठेवा आणि पालापाचोळा साठू देऊ नका. चौथ्या मजल्यावर हा प्रश्नच नाही.

केवडा मात्र गॅलरीत लावू नका. तो कित्येक फूट पसरतो, पानांच्या कडांना करवतीसारखे काटे असतात, आणि वासाचा तुरा फक्त नर झाडाला येतो.

९. आमच्याकडचं ब्रह्मकमळ खरं की खोटं? आणि ते फुलत का नाही?

ते निवडुंग आहे, मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं, झाडांच्या फांद्यांवर वाढणारं. ज्याला आपण पान म्हणतो ते खोड आहे, म्हणून तर कळी ‘पानाच्या’ कडेला येते. हिमालयातलं ब्रह्मकमळ, म्हणजे उत्तराखंडचं राज्यफूल, सूर्यफुलाच्या कुळातलं असून साडेतीन हजार मीटरच्या वर वाढतं. ते ठाण्यात जगणार नाही. पण आपल्याकडे चार पिढ्या या निवडुंगालाच ब्रह्मकमळ म्हणताहेत, त्याची रात्रीची पूजा करताहेत. मी त्याला खोटं म्हणणार नाही.

फुलण्यासाठी रोप दोन-तीन वर्षांचं हवं, कुंडी लहान हवी आणि मुळं दाटलेली हवीत. दरवर्षी मोठ्या कुंडीत हलवत राहिलात तर ते नुसतं पसरेल. सकाळचं कोवळं ऊन द्या, हिवाळ्यात पाणी अगदी कमी करा आणि मेअखेर थोडं खत द्या. पावसाळ्यात कळी दिसली की कुंडीची जागा आणि दिशा बदलू नका, कळी गळते. देठ कमानीसारखा वर वळला आणि कळी फुगून पांढरी दिसू लागली की त्याच किंवा दुसऱ्या रात्री उमलणार. नऊ-दहाच्या सुमाराला पाकळ्या हलताना डोळ्यांनी दिसतात, बारापर्यंत फूल पूर्ण उघडतं आणि पहाटे मान टाकतं. जागून बघा. शेजाऱ्यांनाही बोलवा.

१०. अनंताची पानं पिवळी पडतात, कळ्या गळतात.

पान पिवळं पण शिरा हिरव्या असतील तर झाडाला लोह मिळत नाहीये. लोह मातीत असतं, पण क्षार साचून माती अल्कधर्मी झाली की मुळांना ते उचलता येत नाही. अनंताला किंचित आंबट माती लागते. नवी मुंबईचं मोरबे धरणाचं नळाचं पाणी त्याला चालतं. घोडबंदर रोडच्या अनेक सोसायट्यांत बोअरचं किंवा टँकरचं पाणी मिसळतं, तिथेच ही तक्रार जास्त येते. कुंडीच्या कडेला पांढरी पुटं दिसतात का बघा. दिसत असतील तर पावसात कुंडी दोन दिवस उघड्यावर ठेवून क्षार धुऊन जाऊ द्या, पावसाचं पाणी साठवून वापरा आणि चिलेटेड लोह (मुळांना सहज उचलता येईल अशा रूपातलं लोहाचं खत) पाकिटावरच्या मात्रेने द्या.

कळ्या गळण्याची कारणं वेगळी: पाण्याचा एक दिवस खंड आणि दुसऱ्या दिवशी पूर, किंवा कळ्यांवर असताना कुंडी हलवणं. उमललेलं पांढरं फूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पिवळं होतं, तो मात्र रोग नाही, वय आहे.

११. सोनचाफा कुंडीत येतो का?

कलमी आणलात तर येतो आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षीच फुलतो. बियांपासून वाढवलेल्या झाडाला फुलायला सात-आठ वर्षंही लागतात आणि तोवर ते कुंडीत मावत नाही. विकत घेताना बुंध्याजवळ कलमाचा जोड आहे का ते बोटाने चाचपून बघा. जोडाखालून येणारी फूट लगेच काढायची, ती खुंटाची, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलं त्याची असते आणि झाडाची ताकद खाते.

त्याला पूर्ण ऊन आणि कुंडीत साचून न राहणारं पाणी हवं. मुळं नाजूक असतात. कुंडी बदलताना मातीचा गोळा फुटू दिलात तर झाड महिनाभर रुसतं. उंची पाच-सहा फुटांवर रोखायची असेल तर शेंडा पावसाच्या सुरुवातीला खुडा.

फूल सकाळी, अर्धवट उघडलेलं असताना तोडा. कोकणात आजही कित्येक घरांत रुंद तोंडाच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून त्यात सोनचाफा बुडवून ठेवतात आणि बूच मेणाने बंद करतात. आत हवेचा बुडबुडा राहिला नाही तर फूल महिनोन्महिने तसंच पिवळं दिसतं. माझ्या आजीची अशी बाटली आमच्या देव्हाऱ्याजवळ आहे.

१२. आणि पारिजातक?

जमिनीत लावा. सोसायटीच्या आवारात जागा मागा, सकाळी सडा पडला की कोणी नाही म्हणणार नाही. कुंडीत तो तगतो, पण सडा पडत नाही.

१३. पावसाळ्यात झाडं सडतात. चार महिने काय करायचं?

आपल्याकडे वर्षाचा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबरात पडतो, त्यामुळे कुंडीचं भोक मोकळं असणं ही पहिली अट. मेअखेर प्रत्येक कुंडी आडवी करून भोकात काडी घालून बघा. कुंडीखालच्या ताटल्या काढून ठेवा. त्यांत पाणी साचतं, डेंग्यूचे डास होतात, आणि मुळंही कुजतात. या काळात खत नको. मोगऱ्याच्या पानांवर तपकिरी ठिपके आले तर ती पानं काढून टाका आणि झाडांमध्ये हवा खेळेल इतकं अंतर ठेवा.

पावसात फुलवायचंच असेल तर सोनटक्का लावा. हळदीसारखा कंद, ओल्या मातीत खूश, अर्धवट सावली चालते. ऑगस्टपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत संध्याकाळी फुलपाखरासारखी पांढरी फुलं उमलतात, आणि गौरीसाठी बाजारात जायला लागत नाही. फुलून झालेला दांडा जमिनीलगत कापायचा, कारण तो पुन्हा फुलत नाही.

१४. आम्ही वाशीला खाडीजवळ राहतो. खाऱ्या वाऱ्याने झाडं जळतात का?

कोवळ्या पानांच्या कडा करपतात, विशेषतः मे महिन्यातल्या जोरदार वाऱ्यात. आठवड्यातून दोनदा सकाळी पानं साध्या पाण्याने धुवा. पांढरा चाफा, बकुळ आणि मधुमालती हे वारं सोसतात. अनंत आणि सोनचाफा सोसत नाहीत, त्यांना आतल्या बाजूला ठेवा. बोअरचं पाणी खाडीलगत मचूळ असू शकतं, त्याबद्दल प्रश्न १० पाहा.

१५. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये रात्री आमच्या रस्त्यावर गुदमरवणारा वास येतो. तोडता येईल का ते झाड?

ती सातवीण, म्हणजे सप्तपर्णी. एका पेराला सहसा सात पानांचं चक्र, आणि हिरवट पांढऱ्या फुलांचे गुच्छ. लवकर वाढते, सरळ वाढते आणि गुरं तोंड लावत नाहीत, म्हणून रस्त्याच्या कडेला रांगेने लावली गेली. एक झाड फुललं तर वास गोड लागतो. वीस झाडं एकदम फुलली आणि थंडीची हवा खाली बसली की तोच वास अंगावर येतो. दोष झाडापेक्षा रांगेचा आहे असं मला मनापासून वाटतं.

तोडणं तुमच्या हातात नाही. शहरातलं झाड तोडायला महापालिकेच्या वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. १९७५ चा झाडांच्या संरक्षणाचा राज्याचा कायदा आहे, आणि झाड सोसायटीच्या स्वतःच्या जागेत असलं तरी तो लागू होतो. त्रास असेल तर त्या पाच-सहा आठवड्यांत रात्री खिडक्या बंद ठेवा आणि फुलोऱ्याआधी छाटणीसाठी लेखी अर्ज द्या. नव्या लागवडीच्या वेळी मात्र सोसायटीच्या सभेला जा आणि बकुळ सुचवा. तिचं फूल वाळलं तरी गोड वास देतं, आणि तो कोणाच्या अंगावर येत नाही.

१६. फेब्रुवारी-मार्चमध्ये गटार तुंबल्यासारखा वास येतो, पण गटार तर साफ आहे.

वर बघा. पानं गळालेल्या उंच झाडावर मळकट लाल फुलांचे झुपके असतील तर तो जंगली बदाम. त्याच्या शास्त्रीय नावातच ‘दुर्गंधी’ हा शब्द आहे, आणि स्टर्क्युलिया हे नाव रोमन लोकांच्या खताच्या देवावरून आलंय. हा वास माश्यांसाठी. दोन-तीन आठवड्यांत संपतो, मग पालवी येते आणि झाड दाट सावली देतं. परवानगीचं उत्तर प्रश्न १५ मधलंच.

१७. घाण वासाचं फूल मुद्दाम लावतात हे खरं का? कोणतं लावू?

मी लावलंय आणि ते माझ्या सर्वात लाडक्या झाडांपैकी आहे. स्टॅपेलिया, दक्षिण आफ्रिकेतलं. नर्सरीत स्टारफिश कॅक्टस म्हणून मिळतं, पण ते निवडुंग नाही, आपल्या रुईच्या कुळातलं आहे. चौकोनी, मखमली, बिनपानांची हिरवी बोटं. मोठ्या जातीचं फूल पंजाहून मोठं, पाच टोकांचं, पिवळसर, त्यावर तांबूस आडव्या रेघा आणि बारीक केस. दुरून खरंच वाळत घातलेल्या कातड्यासारखं दिसतं.

पावसाळा सरताना माझ्या झाडाला कळी येते, फुग्यासारखी फुगते आणि एका सकाळी फुटते. वास सडलेल्या मांसाचा. पहिल्या वर्षी मी जवळ बसून पाहिलं. दहा मिनिटांत हिरव्या-निळ्या माश्या आल्या, केसांमधून चालत मधल्या खळग्यापर्यंत गेल्या आणि एकीने तिथे तांदळाच्या कणीहूनही बारीक पांढरी अंडी घातली. तिला ते मांसच वाटलं. अळ्यांना तिथे खायला काही नसतं, त्या मरतात, आणि माशीच्या पायाला चिकटलेले पराग दुसऱ्या फुलाकडे जातात. फुलाने माशीकडून काम करून घेतलं आणि तिला काहीच दिलं नाही. मोगरा पतंगाला हाक मारतो तशीच ही हाक, फक्त ऐकणारा वेगळा.

घरभर वास सुटेल ही भीती नको. दोन फुटांपलीकडे तो फारसा जाणवत नाही आणि फूल दोन-तीन दिवसांत मिटतं. तेवढे दिवस कुंडी स्वयंपाकघराच्या खिडकीपासून लांब ठेवा. निम्मी रेती असलेली माती, उथळ कुंडी, सकाळचं ऊन. पावसाचं पाणी अंगावर पडू देऊ नका, बोटं बुडापासून सडतात. तोडलेलं बोट चार दिवस सुकवून रेतीत खोचलं की नवं झाड तयार.

१८. बाजारातून आणलेला सुरण कुंडीत खोचला तर फूल येईल का?

बहुधा पान येईल. छत्रीसारखं एकच पान, ठिपक्यांच्या दांड्यावर, तेही देखणं असतं. फूल येण्यासाठी कंद मोठा आणि मुरलेला हवा, आणि वरचा डोळा शाबूत हवा. बाजारात चिरून ठेवलेल्या तुकड्याला डोळा नसला तर काहीच येणार नाही. एप्रिलअखेर अख्खा कंद डोळा वर करून खोल कुंडीत लावा. फूल आलंच तर ते पावसाच्या तोंडावर, पान येण्याआधी, थेट मातीतून वर येतं: तपकिरी-जांभळी झालर आणि मध्ये सुरकुतलेला जाड गोळा. पहिल्या रात्री तो गोळा चक्क गरम होतो. उष्णतेने वास हवेत पसरतो आणि भुंगेरे येतात. हा वास स्टॅपेलियासारखा सौम्य नाही. तो एक-दोन दिवस जिना भरून टाकतो, म्हणून कुंडी आधीच गच्चीवर ठेवा आणि सोसायटीत सांगून ठेवा.

याचंच भावंड म्हणजे शेवळं. पाऊस सुरू होता होता आदिवासी बायका ठाण्याच्या बाजारात टोपलीत घेऊन बसतात ती. आपण भाजी करतो तो त्याचा फुलोरा असतो. सोबत काकडाची आंबट फळं देतात ती घशाची खाज मारायला, कारण या सगळ्या कुळात सुईसारखे ऑक्झलेटचे स्फटिक असतात. सुरणाचा कंद हाताळतानाही हातमोजे घाला. आणि येऊरच्या जंगलातून शेवळाचे किंवा कसलेही कंद उपटून आणू नका. ते राष्ट्रीय उद्यान आहे, आणि तिथला कंद तिथेच फुलावा.

१९. घरात लहान मूल आणि मांजर आहे. यातलं काय धोक्याचं?

रातराणीचे सगळे भाग विषारी, विशेषतः तिची पांढरी फळं. कण्हेर आणि पिवळी बिट्टी तर मूल असलेल्या घरात नकोतच. पांढऱ्या चाफ्याच्या चिकाने कातडीची आग होते. सुरणाचं पान किंवा कंद चावला तर तोंड सुजतं. मोगरा, जुई, कुंती निर्धास्त लावा. मुलाने किंवा मांजराने काही चावलं असेल तर झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्या, डॉक्टरांना झाड ओळखणं सोपं जातं.

२०. एकाच झाडाला सुगंध आणि दुर्गंध दोन्ही असू शकतात का?

असतात. कैलासपती बघा, मूळचं दक्षिण अमेरिकेतलं. बुंध्यावरच लोंबणाऱ्या फांद्यांना गुलाबी, मांसल फुलं येतात. आतल्या, नागाच्या फण्यासारख्या वळलेल्या भागाखाली शिवलिंगासारखा भाग दिसतो आणि वास मंद, फार सुंदर. त्याच फांदीवर तोफगोळ्याएवढं फळ धरतं आणि ते पडून फुटलं की गर निळसर होतो, वास नाक धरायला लावतो. आवारात लावणार असाल तर वाटेवर आणि गाड्यांच्या जागेवर नको, गोळा डोक्यात पडला तर गंभीर इजा होईल.

आणि मोगऱ्यातही हे आहे. त्याच्या वासात इंडोल नावाचं द्रव्य असतं, जे विष्ठेतही असतं. अगदी थोडं असलं की वासाला दाटपणा येतो, जास्त झालं की तोच वास कुजका लागतो. वाटीतली कालची फुलं सकाळी तपकिरी पडायला लागली की हा फरक नाकाला लगेच कळतो. ती फुलं तेव्हाच काढून झाडाच्या मुळाशी घाला. कळ्या किडक्या निघाल्या असतील त्या मात्र तिथे नको, प्रश्न ५ पाहा.